तुम्ही विचारलंत म्हणून: लक्ष्मीबाईच का?

रविवारी उपासना सुटली की चपला घालता घालता कुणीतरी विचारतंच, "बाई, ख्रिस्ती लेखकांत तुमचं आवडतं कोण? मुलीला द्यायला एखादं पुस्तक सांगा ना." मी लक्ष्मीबाई टिळक म्हणते आणि समोरचा चेहरा जरा उतरतो. "ते होय, शाळेत धडा होता. तसं नको, प्रेरणा देणारं सांगा." वाचनालयात भेटणारे हिंदू स्नेही नेमकं उलट विचारतात. "तुमची पुस्तकं म्हणजे प्रचारच ना? निव्वळ साहित्य म्हणून काही आहे का?" एकाला लक्ष्मीबाई पुरेशा ख्रिस्ती वाटत नाहीत आणि दुसऱ्याला ख्रिस्ती लेखिका म्हणून सांगितल्या की त्या साहित्यातून वजा होतात. वर्षानुवर्षं उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर देत आले. आज बसून देते.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आलं. शाळेतल्या धड्यामुळे त्यांच्या नवऱ्याचा, कवी ना. वा. टिळकांचा, विक्षिप्तपणा आणि बाईंचा विनोद एवढंच लक्षात राहतं. लोक हसतात आणि पुस्तक मिटतात. माझं म्हणणं एवढंच की बाप्तिस्म्याच्या आधीची पानं वाचलीत तशीच पुढची वाचा, आणि घाई न करता वाचा.

१० फेब्रुवारी १८९५ ला ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको माहेरच्या माणसांत, पदरात लहान दत्तू. त्या दिवसापासून ही बाई ना विधवा ना सवाशीण. कुंकू आहे, नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. या काळात त्या आपल्या पंढरपुरातही नातेवाइकांकडे राहिल्या, म्हणजे सोलापूरकरांनी हे पुस्तक परक्या मुलखाचं समजायचं कारणच नाही. पुढे नवऱ्याजवळ राहायला गेल्या तेव्हाही चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कडक. एकाच घरात दोन धर्म आणि मधे एक मूल. मग एके दिवशी त्यांच्या मनात जातीचा हिशेब सुरू होतो. देवाला जाती करायच्याच होत्या तर जनावरांत दिसतो तसा फरक त्यानं माणसांत का ठेवला नाही? या प्रश्नापाशी त्यांची जात गळून पडते. ख्रिस्त अजून आलेला नाही, हे नीट बघा. आधी विटाळ गेला, श्रद्धा मागाहून आली. बाप्तिस्मा १९०० साली. म्हणजे पाच वर्षं.

साक्षीच्या सभांमधून आपण काय ऐकतो? अमुक दिवशी, अमुक वाजता, एका क्षणात सगळं बदललं. कुणाचं बदलत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्या मुलीचं एका क्षणात काही बदललेलं नाही, तिला वाटतं आपल्यातच खोट आहे. तिच्या हातात मी लक्ष्मीबाई ठेवते. इथे बदल हळूहळू होतो. रडणं आहे, राग आहे, हट्ट आहे, नवऱ्याशी भांडण आहे, आणि यातलं काहीही नंतर पुसून स्वच्छ केलेलं नाही. ख्रिस्ती झाल्यावर लिहिलेल्या पुस्तकात आपलं जुनं सोवळं इतक्या मायेनं आणि इतक्या खरेपणानं मांडणं सोपं नाही. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' (१८८८) याच्या शेजारी ठेवून पाहा. फार महत्त्वाचं आत्मचरित्र, धर्मांतर कसं होतं ते टप्प्याटप्प्यानं दाखवणारं. पण त्यात जुन्या धर्माशी वाद चालू आहे, पानोपानी. तो काळच तसा होता. त्यांच्या 'यमुनापर्यटन'चं (१८५७) तसंच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून मान आहे, विधवांचं दुःख वाचून आजही पोटात कालवतं, पण कथा उपदेशाकडे झुकली की वाचणारा सुटतो. म्हणून पदमनजी दुसऱ्या नंबरावर.

आता कबुली. पूर्वी मी सगळ्यांना फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण'च सांगायचे. इंग्लंडचा माणूस गोव्यात येतो, मराठी शिकतो, मराठीची थोरवी गातो आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्या छापून देतो. याहून मोठी गोष्ट कोणती, असं मी तावातावानं विचारायचे. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी घेतलं त्यांतल्या बहुतेकांचं पहिल्या पुराणातच थांबलं. चूक त्यांची नव्हती. गोव्यात तेव्हा देवनागरी छपाईचे खिळे नव्हते, म्हणून ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. देवनागरीत १९५६ साली बंडेलूंच्या संपादनामुळे आला. मधली तीनशे चाळीस वर्षं देशावरच्या वाचकाला तो जवळपास नव्हताच. भाषा जुनी, मधेमधे कोकणी वळण, आणि आपण ती कादंबरीसारखी डोळ्यांनी वाचायला जातो. ओवी म्हणावी लागते. वाचायचंच असेल तर असं करा: पहिलं पुराण ३६ अवस्वरांचं, म्हणजे अध्यायांचं, ते जुन्या करारावर आहे. दुसरं ५९ अवस्वरांचं, ते ख्रिस्तचरित्र. दुसऱ्यापासून सुरू करा. रोज वीस ओव्या मोठ्यानं म्हणा. अर्थ अडला तरी थांबू नका, पाचव्या-सहाव्या दिवशी कान लागतो. या गतीनं सगळा ग्रंथ दीड वर्षात होतो. घाईनं होत नाही.

आणि बायबल? "बायबल आहेच, त्यावरचं पुस्तक सांगा" असं म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचं बायबल लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी अडकलेलं असतं. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. पहिल्या पानापासून निघालं की यज्ञांच्या नियमांत गाडी रुततेच. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळा अध्याय, मोठ्यानं वाचले तर एका संध्याकाळी होतात. मग स्तोत्रं, रोज एक. टिपा हव्या असतील तर फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घ्या. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर बसला होता आणि आपल्यातले कितीजण त्यांचं पुस्तक उघडून बसले? मीसुद्धा उशिराच उघडलं.

पंडिता रमाबाईंच्या बायबलबद्दल मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. तिथे मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, सुमारे अठरा वर्षं खपून. ऐकू येणं कमी होत चाललेलं, आश्रमाचा पसारा अंगावर. छपाई तिथेच, आश्रमातल्या बायका-मुलींच्या हातून. हातानं खिळे जुळवणं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून देवनागरीला कित्येकशे वेगवेगळे खिळे लागतात, ते केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणाखणांत मांडलेले असतात. एकेक उचलायचा, पट्टीत उलटा रचायचा, ओळ भरली की घट्ट बसवायची. पान झालं की मुद्रित, म्हणजे तपासायची प्रत, काढायचं, चुका दाखवायच्या, चिमट्यानं खिळा उपसून दुसरा घालायचा. एक काना वाढला तर ओळ सरकते आणि कधीकधी पुढच्या चार ओळी परत रचाव्या लागतात. हे ११८९ अध्याय. करणाऱ्या कोण, तर दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आणि घरच्यांनी टाकलेल्या विधवा. १९२१ च्या जुलैमध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आई काम करत राहिली. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि मग गेल्या, असं सांगतात. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. त्यांनी तो पाहिला नाही.

यात प्रेरणा नाही, असं कोण म्हणेल? पण ते पुस्तक वाचायला द्यावं का, हा वेगळा प्रश्न. रमाबाईंनी संस्कृतातले भारदस्त धार्मिक शब्द मुद्दाम टाळले. त्या शब्दांबरोबर जुन्या तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटून येतो असं त्यांना वाटे, आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. स्टीफन्सनं नेमकं उलट केलं होतं, त्यानं स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटलं. टिळक तर म्हणत, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल ठेवायचा की मोडायचा? 'उपासना संगीत' या आपल्या गीतसंग्रहातलं टिळकांचं गीत गाताना मला वाटतं, ठेवायचा. रमाबाईंचं पान उघडलं की वाटतं, ज्या पुलावर या मुलींना कधी पाऊल ठेवू दिलं नाही, तो त्यांना काय कामाचा? आपल्या कानाला "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" याची सवय झाली आहे. त्यातला 'उणे' हा शब्द मला प्राणप्रिय आहे. म्हणून रमाबाईंचं भाषांतर खडबडीत लागतं, हे मी मान्य करते. खडबड त्यांची की माझ्या सवयीची, ते नाही सांगता येत.

इंग्रजीतून आलेली पुस्तकं मी सांगत नाही, अशीही तक्रार असते. जॉन बनियनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' सांगते की. पाठीवर ओझं घेऊन निघालेला यात्रेकरू आणि क्रुसापाशी गळून पडणारं ते ओझं, हे हरि केशवजींनी १८४१ सालीच 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं. वारी पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. माझा राग आहे तो हल्लीच्या घाईच्या भाषांतरांवर, ज्यांत शब्द मराठी असतात पण वाक्य दुसऱ्याच भाषेत उभं असतं. अशा पुस्तकांतून प्रार्थना शिकलेली मुलं प्रार्थनाही तशीच करतात. तरी एकीनं मला ऐकवलं, "बाई, त्याच पुस्तकानं मी ती रात्र काढली." तिला मी काय उत्तर देणार? काहीच दिलं नाही.

तर मुलीला काय द्यायचं. 'स्मृतिचित्रे' द्या. संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या आहेत, त्या घेऊ नका; काटछाटीत हसू उरतं आणि ती पाच वर्षं आक्रसतात. वाचून झालं की तिला 'ख्रिस्तायन', म्हणजे टिळकांनी सुरू केलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य, दाखवा. टिळक १९१९ साली गेले तेव्हा दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले, धड शाळाही न पाहिलेल्या बाईनं. ते सगळे एका दमात वाचायला सांगू नका. जिथे टिळकांचा हात थांबतो आणि बाईंचा सुरू होतो, तिथली दोन्हीकडची पानं आधी वाचू द्या, मोठ्यानं.