हेडरवरचा तापमानाचा रकाना

लॉगिंगच्या, म्हणजे तेलविहिरीतला खडक मोजून नोंदवायच्या धंद्यात सगळ्यांत दुर्लक्षित रकाना तापमानाचा. विहीर खोदून झाली की आम्ही बडोद्याहून ट्रक काढतो, ड्रिलरची बोलणी खातो आणि केबलवर टूल सोडून खडक मोजतो. बाकीच्या आकड्यांवर साहेब लोक तासन्‌तास वाद घालतात. तापमान मात्र हेडरवर, म्हणजे नोंदीच्या माथ्यावरच्या फॉर्मात, टाकलं की झालं.

हा आकडा केबलच्या टोकाशी बसवलेल्या पाऱ्याच्या थर्मामीटरांतून येतो. त्यांत चढलेला पारा आपणहून उतरत नाही. म्हणून टूलच्या प्रत्येक फेरीआधी हिसडे देऊन तो खाली आणायचा, फेरीनंतर मड (खोदताना विहिरीत फिरवतात तो चिखल) पुसून टॉर्चच्या उजेडात भिंगातून वाचायचा, आणि तिन्ही थर्मामीटरांचे आकडे एक-दोन अंशांत जुळले तरच धरायचे. आमचा हेल्पर हे मन लावून करतो. इंजिनिअर म्हणवणाऱ्यांना कंटाळा येतो.

खंभातकडच्या त्या विहिरीत ३,१०० मीटरवर पहिल्या फेरीत ११९ अंश आले, दुसरीत १२८, तिसरीत १३२. त्यात नवल नाही. खोदताना फिरणारा मड तळ गार करत असतो. पंप थांबला की खडक पुन्हा तापायला लागतो. तिन्ही आकडे वेळेनुसार आलेखावर मांडून रेघ पुढे नेली, तर खडकाचं खरं तापमान निघालं १३९ च्या आसपास.

साहेब म्हणाले, "अहो, शेजारच्या सगळ्या विहिरींत ११८-१२० च आहे. तेच टाका."

जुने हेडर काढले. सगळीकडे पहिल्याच फेरीचा आकडा! गार पडलेल्या तळाचं तापमान वर्षानुवर्षं एकमेकांचं बघून उतरवलेलं. तेही या खोऱ्यात, जिथे भूकवच ताणून पातळ झालंय आणि खालची उष्णता वर यायला वाट जवळची आहे. एरवी किलोमीटरमागे २५-३० अंश वाढतात, इथे ३५ च्या वर सहज. (दांडिया बाजारातले नातेवाईक विचारतात, "गाभ्यातला लाव्हा लागला का?" गाभा सुरू होतो २,९०० किलोमीटरवर! रशियाची कोला विहीर १२,२६२ मीटरवर अडली. तिथे १०० अंशांची अपेक्षा होती, निघाले १८०. आणि वर येणाऱ्या उष्णतेत युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा वाटाही मोठा असतो.)

वीस अंशांनी काय बिघडतं? तापमान वाढलं की खडकातल्या खाऱ्या पाण्याचा विद्युतरोध घटतो. म्हणजे खडकाचा मोजलेला रोध तोच असला, तरी हिशेबात पाणी कमी आणि तेल जास्त निघतं. ११९ धरून खडकाच्या एका पट्ट्यात, छिद्रांतल्या जागेपैकी पाणी ६३ टक्के दिसत होतं, आणि ६० च्या वर गेलं की पट्टा बाद. १३९ घातल्यावर ५९ आलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पट्टा चाचणीच्या यादीत घेतला. तेल आलं. पाण्यासकट, पण आलं.

मग शेजारच्या विहिरींत असे ६१-६२ वाले किती पट्टे केसिंगमागे (विहिरीत बसवलेल्या पोलादी नळामागे) पडून आहेत? त्या फाइली पुन्हा तपासायला मागितल्या. "आता त्याचं काय?" एवढंच उत्तर मिळालं. आता मी तिन्ही फेऱ्यांचे आकडे आणि पंप थांबल्याची वेळ हेडरवर लिहितो. छापील फॉर्मात त्याला जागा नाही, म्हणून शेऱ्यांच्या रकान्यात कोंबतो.