पिस्तुलातला गाळ

रविवार, रात्रीचे साडेदहा

साबणाने दोनदा धुतले तरी हाताला ग्रीसचा वास येतोच आहे. आज एकदाचं अण्णांचं छऱ्यांचं पिस्तूल खोललं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा देव, गाद्या, धान्याचे डबे सगळं माळ्यावर चढवलं. हे मात्र खालच्या ट्रंकेतच राहिलं. पूर ओसरल्यावर अण्णांनी वरून पुसलं, फडक्यात गुंडाळलं, झालं.

नळी वाकवून आत छर्रा नाही हे आधी पाहिलं. स्प्रिंग ओढलेली नसली तरी आत दाबूनच बसवलेली असते. मागच्या टोपणाची पिन नुसती काढली तर टोपण थेट तोंडावर. म्हणून शेजारच्या सुतारकाकांचा लांब क्लॅम्प आणला आणि आटा आटा करत सोडला. टोपण दोन बोटं मागे आलं तेव्हा कुठे स्प्रिंग गप्प झाली.

पिस्टन निघाला तो कृष्णामाईच्या गाळासकट. मैद्यासारखा बारीक, ग्रीसमध्ये मळून चॉकलेटी झालेला. चामड्याचा वायसर, सायकलच्या पंपात असतो तसा वाटीच्या आकाराचा, पार कडक आणि कडेला जळका. हे जळणं पुराचं नव्हे, अण्णांचं. दर दिवाळीला ते नळीत शिलाई मशिनचं तेल सोडायचे. पिस्टनने दाबलेली हवा इतकी तापते की ते तेल आतच पेटतं. धूर, आवाज, गल्लीतली पोरं खूश, अण्णा त्याहून खूश.

नवा वायसर कालपासून सिलिकॉन तेलात भिजत ठेवला होता. "खोबरेल घाल की," अण्णा म्हणाले. मी ऐकलं नाही.

खोलायला अर्धा तास लागला, जोडायला अख्खी दुपार. पहिल्यांदा क्लॅम्प सटकला आणि टोपण गादीवर जाऊन आपटलं (गादी भिंतीला मुद्दाम उभी केली होती, नाहीतर कपाटाची काच गेली असती). दुसऱ्यांदा सगळं बसलं, पण नळी वाकवली तरी पिस्टन खाचेत अडकेना. ट्रिगरची इवलीशी स्प्रिंग मी उलटी घातली होती. परत सगळं बाहेर.

तिसऱ्यांदा अण्णांना बॅटरी धरायला बसवलं. त्यांचा हात हल्ली थरथरतो, उजेड सगळ्या टेबलावर नाचत होता. पण डोळे पिनेच्या भोकावर. "आलं... गेलं, जरा मागं घे... आलं बघ, ठोक!" ठोकली. बसली.

रिकामं उडवायचं नाही. छर्रा नसला तर पुढे हवा कोंडत नाही आणि पिस्टन जाऊन लोखंडावर आदळतो. छर्रा घातला, परसात जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेल्या खोक्यावर धरलं. टप्प. खोक्याला नीट गोल भोक. धूर नाही, काही नाही.

अण्णा थोडा वेळ वाट बघत उभे राहिले.

"एवढंच होय?"