३१ वुई, ४ आय

मंगळवार, रात्र

धाकट्याने वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी, खेळात गुण मोजतात तशा. नोकरीसाठीची पाऊण तासाची सराव मुलाखत (मॉक) संपल्यावर त्याने ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं. "दादा, वुई ३१ वेळा. आय ४ वेळा."

त्या चारांतले दोन 'आय थिंक', एक 'आय अ‍ॅम सॉरी', आणि एक सुरुवातीला आवाज येतोय का ते विचारताना. म्हणजे पाऊण तास मी माझ्या कामाबद्दल बोललो आणि त्यातलं एकही काम मी केलेलं नव्हतं.

तेव्हा हसलो. मग भांडी घासताना ते हसू कुठेतरी गेलं.

एक तर ज्याला फॉर लूप मी शिकवला, त्याच्यासमोर ताठ बसून उत्तरं द्यायची. त्यात त्याने ते इतक्या सहज सांगितलं, जणू शर्टाचं बटण उघडं राहिलंय. बारा वर्षं नोकरी करून पुन्हा परीक्षेला बसायची वेळ का आली, ते त्या शुक्रवारच्या कॉलला विचारावं. आज नको.

भीती मुलाखतीतल्या कोडिंगच्या प्रश्नांची, म्हणजे ग्राफची होती, डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची होती, म्हणून तयारीही त्यांचीच केली. रोज सकाळी टायमर लावून दोन प्रश्न. ते जमायला लागलंय. रुतलो कुठे, तर प्रथमपुरुषी एकवचनात.

मराठीत लपायला जागा भरपूर. 'आम्ही' आहे, 'आपण' आहे, आणि सगळ्यांत सोयीचं, कर्ताच न लागणारं 'झालं'. सर्व्हर पडला, बग आला, फिक्स होऊन गेला. ऑफिसच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगला मी वर्षानुवर्षं असाच बोलत आलो आणि लोक मला समजूतदार म्हणत आले. इंग्रजीत बिचारं एकटं 'वुई', तेही धाकट्याने मोजलं.

आधी मी स्वतःला सांगितलं, संस्कार! 'सारखं मी-मी करू नये' हे ऐकतच मोठे झालो, त्याचं हे फळ. ऐकायला छान वाटतं. मग रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, आणि डेटाबेसमध्ये नोंदींना क्रमांक देणाऱ्या इंट (पूर्णांक) कॉलमच्या गोष्टीपाशी आलो तेव्हा संस्कार काही टिकले नाहीत.

ती गोष्ट मी राखून ठेवलेली. रात्री टेबलात नव्या नोंदी जाणं एकाएकी बंद. लॉगमध्ये एकच ओळ धो धो येतेय, डुप्लिकेट एंट्री, आणि प्रत्येक ओळीत तोच आकडा: २१४७४८३६४७. बत्तीस बिटांच्या साइन्ड इंटमध्ये याच्यापुढे काही मावत नाही. दिवसाला दहा लाख नोंदी धरल्या तर २१४७ दिवस, सहा वर्षंही पुरी नाहीत. भरलेल्या टेबलाचा कॉलम बिगइंट, म्हणजे खूप मोठे आकडे मावणारा, करायचा म्हणजे अख्खं टेबल नव्याने लिहिलं जाणार, तासन्‌तास. म्हणून बिगइंटचं रिकामं टेबल केलं, पुढच्या आकड्यापासून सुरू केलं, दोघांच्या नावांची अदलाबदल केली आणि जुन्या नोंदी मागाहून भरल्या. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं 'वुई'.

"कीबोर्डवर कोण होतं?" धाकट्याने विचारलं.

मीच.

"मग तसं सांग ना."

इथवर ठीक होतं. पुढचा प्रश्न त्याने अगदी साधेपणाने विचारला. "आणि तो कॉलम इंट कोणी ठेवला होता?"

रेकॉर्डिंगमध्ये इथे सात सेकंद नुसता पंखा ऐकू येतो. मग मी म्हणतो, इट वॉज अ लेगसी डिसिजन. म्हणजे आधीपासून चालत आलेला निर्णय.

लेगसी म्हणजे मी. कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, एका सहकारी मुलीने विचारलंही होतं, हा पुरेल का म्हणून. तेव्हा ती नवीन होती. मी 'बघू नंतर' म्हणून... असो.

म्हणजे लाजबिज काही नाही. त्या रात्री टेबल वाचवलं ते मी, असं म्हटलं की पाठोपाठ दुसरा मीसुद्धा हजर होतो. एकाला बोलावून दुसऱ्याला बाहेर ठेवता येत नाही, म्हणून दोघांनाही 'वुई'त कोंबलं.

गंमत म्हणजे दुपारी बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधायची रीत) गिरवताना हाच आकडा भेटला होता. यादीतली, म्हणजे अ‍ॅरेतली, मधली जागा काढायला सुरुवातीच्या (लो) आणि शेवटच्या (हाय) क्रमांकाची बेरीज करून दोनाने भागायचं, असंच आम्ही शिकलो. पण अ‍ॅरे १०७ कोटींच्या पुढे गेला की ती बेरीज २१४७४८३६४७ ओलांडू शकते आणि थेट ऋण होते. म्हणून दोघांतल्या फरकाचं अर्धं लोमध्ये मिळवायचं. ही चूक जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीत नऊएक वर्षं निवांत बसली होती. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ सांगतात की बायनरी सर्च पहिल्यांदा छापला गेला १९४६ मध्ये आणि बिनचूक असा पहिला आला १९६२ मध्ये. सोळा वर्षं! मुलाखतीत फेकायला बरं म्हणून वहीत टिपून ठेवलं.

रात्री तीच टिपणं चाळताना वेगळंच दिसलं. २००६ मध्ये जावाच्या लायब्ररीवर काम केलेले जोशुआ ब्लॉक यांनी ती जावामधली चूक जगासमोर मांडली, आणि तो कोड माझाच, हेही तिथेच सरळ लिहिलं. कुठे 'लेगसी' नाही. अर्थात ब्लॉक असल्यावर हे परवडतं. त्यांना कुणी दुसऱ्या दिवशी 'वुई विल गेट बॅक टू यू' म्हणणार नव्हतं. (बघा, नकार देणारेही 'वुई'च.)

साडेअकराला पुन्हा बसलो, एकटाच. पहिलं वाक्य: आय चोज इंट फॉर दॅट कॉलम. तीनदा अडखळलो, चौथ्यांदा निघालं. सहकाऱ्याने आधी विचारलं होतं, तेही घातलं. समोरचा त्यापुढे काय लिहून घेईल कोण जाणे. घेऊ दे.

सगळं दोन मिनिटं दहा सेकंदांत बसलं. या वेळी रेघा मीच ओढल्या. आय १३, वुई ५. ते पाचही मागे नेऊन पुन्हा ऐकले. रात्रभर फोनवर असलेला डीबीए (डेटाबेस सांभाळणारा), पहाटे जुन्या-नव्या नोंदी जुळवून बघणाऱ्या त्या दोघी. त्यांतला एकही खोडण्यासारखा नाही.

फाइल धाकट्याला पाठवली. एकच टिक दिसतेय. झोपला असेल.