३७ डिग्रीला मरणारं यीस्ट आणि ग्लुकोसामाइनची प्लेट : माझा अनुभव

पीएचडीचं दुसरं वर्ष जवळजवळ सगळं टेम्परेचर सेन्सिटिव्ह म्युटंट शोधण्यात गेलं. म्हणजे जीनमध्ये बदल झालेलं असं यीस्ट जे २५ डिग्रीला छान वाढतं आणि ३७ ला नेलं की थांबतं. ज्या जीनशिवाय पेशी जगतच नाही तो जीन सरळ उडवून अभ्यास कसा करणार, म्हणून हा मार्ग. हार्टवेल या शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने सेल सायकलचे (पेशी विभागण्याच्या चक्राचे) जीन शोधले, २००१ चं नोबेल त्याचंच.

मला हवा होता अमिनो शुगर, म्हणजे नायट्रोजन जोडलेली साखर, बनवण्याच्या रस्त्यावरचा म्युटंट. यीस्ट फ्रुक्टोज-६-फॉस्फेट घेतं, ग्लुटामिनकडून नायट्रोजन घेतं आणि ग्लुकोसामाइन-६-फॉस्फेट बनवतं, हे काम जीएफए१ जीनच्या एन्झाइमचं. पुढे दोन-तीन पायऱ्यांनी जे तयार होतं त्यातून पेशीच्या भिंतीतलं कायटिन होतं, प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या चढतात, प्रोटीनला पेशीच्या पडद्याशी बांधणारे जीपीआय अँकर बनतात. एवढं सगळं एका एन्झाइमवर अवलंबून, म्हणून मला हा जीन फार आवडतो.

ईएमएस हे डीएनए बदलणारं रसायन देऊन म्युटेशन केली (हुडमध्येच करा, ग्लोव्हज घाला, उरलेलं सगळं सोडियम थायोसल्फेटमध्ये टाका, याबाबतीत अजिबात चालढकल नको), मग प्लेटा पसरल्या आणि वेल्व्हेटवर रेप्लिका, म्हणजे प्लेटची नक्कल. स्वच्छ वेल्व्हेट ठोकळ्यावर ताणायचं, प्लेट उलटी ठेवून बोटांनी हलकंच दाबायचं, कापडावर कॉलन्यांचे बारीक ठिपके उमटतात, त्यावरून दोन नव्या प्लेटा घ्यायच्या, एक २५ ला एक ३७ ला. ३७ ची प्लेट आधीच गरम करून ठेवायची हे मला उशिरा कळलं, थंड प्लेटवर पेशी गरम होईपर्यंत एक-दोनदा विभागून घेतात आणि मग पुसट वाढ दिसते, आपण म्हणतो हा म्युटंट नाही. आमच्या इन्क्युबेटरच्या वरच्या कप्प्यात पाण्याच्या बीकरमध्ये थर्मामीटर ठेवला तर साडेचौतीस, डिस्प्लेवर ३७! तीन आठवड्यांच्या प्लेटा पुन्हा केल्या, खूप रडू आलं होतं तेव्हा.

साधारण अकरा हजार कॉलन्यांमधून शेवटी ४१ खात्रीचे उरले. आता यातला माझा कोणता? सॉर्बिटॉल मीडियात असलं की भिंत कमकुवत असलेली पेशीही फुटत नाही. त्यावर सहा वाचले, म्हणजे पेशीभित्तिकेचे. मी त्या सहांच्याच मागे लागले आणि बाकीचे बाजूला ठेवले. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझा म्युटंट सॉर्बिटॉलवर वाचेलच असं कशावरून? नुसतं कायटिन नाही कमी पडत त्याला. सगळे ४१ ग्लुकोसामाइनवर लाव."

लावायला घेतलं तर मीडियाच (यीस्ट वाढवायचं खाद्य) जमेना. ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड मीडियात घालून ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलं), बाहेर काढलं तर चहासारखं तपकिरी आणि प्लेट गोठवणारं अगार घट्टच होईना, ॲसिडिक पीएचमध्ये ऑटोक्लेव्ह केलं की अगार तुटतं. मग स्टॉक वेगळा केला, पीएच जुळवला, फिल्टरने स्टराइल केला आणि अगार हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर मिसळला. पहिल्या दिवसापासून हेच करायला हवं होतं.

दोन दिवसांनी सकाळी ३७ ची प्लेट उघडली तर ४१ जागांपैकी एकाच ठिकाणी, २३ नंबरला, पांढरा जाड ठिपका, आणि शेजारच्या ग्लुकोसामाइन नसलेल्या प्लेटवर तिथे काहीच नाही! प्लेट हातात धरून मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. ग्लुकोसामाइन ग्लुकोजच्याच दाराने पेशीत शिरतं, हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं आणि बिघडलेली पायरी वगळून पेशी पुढे जाते. जीएनए१ हा जीन बिघडला असता तर ही प्लेट कामाची नव्हती, तो पुढच्या पायरीवर बसतो, आणि एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन बाहेरून द्यावं तर हे यीस्ट ते वापरू शकत नाही.

मग कॅल्कोफ्लोर, म्हणजे कायटिनला चिकटून निळा चमकणारा रंग, लावून पाहिलं. ३७ ला चार तास ठेवलेल्या पेशींवर २५ च्या काळातले जुने बड स्कार (कळी सुटल्यावर राहिलेले व्रण) निळ्या कड्यांसारखे लख्ख, आणि नवीन कळीच्या मानेशी मात्र जवळजवळ अंधार. तो फोटो अजून माझ्या टेबलासमोर आहे.

बाकी पटकन सांगते. चांगला जीएफए१ असलेला प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) टाकला, ग्लुकोसामाइनशिवाय ३७ ला वाढलं. मूळ स्ट्रेनशी क्रॉस करून टेट्राड (एकत्र बनलेल्या चार स्पोरचे, म्हणजे बीजाणूंचे, संच) काढले, प्रत्येकात दोन वाढणारे दोन न वाढणारे, म्हणजे दोष एकाच ठिकाणी. जीनच्या डीएनए सिक्वेन्समध्ये जी या अक्षराच्या जागी ए, ईएमएसची नेहमीची खूण.

आता या म्युटंटचं डिप्लॉइड (प्रत्येक जीनच्या दोन प्रती असलेली पेशी) करून स्पोर बनवतेय. १९७५ मध्ये बर्कलीत व्हेलन आणि बॅलू यांनी ग्लुकोसामाइन न बनवू शकणाऱ्या यीस्टमध्ये पाहिलं होतं की मायोसिस (स्पोर बनताना होणारं विभाजन) होतं पण स्पोरची भिंत नीट बनत नाही. माझ्या म्युटंटमध्ये नेमकं कोणत्या तासाला तापमान वाढवलं तर भिंत अडते ते बघायचंय, पहिली बॅच सोमवारी लावतेय.