सत्तावीस आणि तेहतीस

१० जून २०२२ची ती रात्र मी कोल्हापुरात टीव्हीसमोर जागून काढली. राज्यसभेच्या सहा जागा, सात उमेदवार, आणि शेवटच्या जागेसाठी भिडलेले दोघेही आमच्याच जिल्ह्यातले: भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. मोजणी रखडली, निकाल पहाटे आला: महाडिक जिंकले.

सकाळी नातीनं विचारलं, "आजोबा, पवारांना तेहतीस, महाडिकांना सत्तावीस, मग पवार हरले कसे?" तीस वर्षं गणित शिकवलंय मी; वहीच उघडली. आमदारांची वैध मतं २८४. त्याला सातानं, म्हणजे जागांपेक्षा एक जास्त आकड्यानं, भागलं की कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, साडेचाळीसच्या थोडा वर. भाजपचेच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस, म्हणजे प्रत्येकी सातहून जास्त मतं शिल्लक. आमदार पत्रिकेवर पहिली, दुसरी अशी पसंती लिहितात; ती शिल्लक मतं दुसऱ्या पसंतीनं महाडिकांकडे गेली आणि त्यांनी कोटा गाठला.

मला ही पद्धत मनापासून आवडते. जास्तीचं मत वाया जात नाही, पुढं सरकतं. खटकतं ते एवढंच की आमदार आपली पत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. २००३पासून तसा कायदाच आहे. घोडेबाजार रोखायला केला, हे समजतं. तरी मतपत्रिका गुप्तच असावी असं मला वाटतं.

नातीनं ते गणित वहीत पुन्हा स्वतः करून पाहिलं. उत्तर जुळलं.