बिस्कवरचा तडा: भरायचा कशाने?

बिस्क झालेल्या, म्हणजे एकदा भाजलेल्या पण अजून ग्लेझ (काचेसारखा लेप) न चढवलेल्या भांड्याला तडा दिसला की हात पहिल्यांदा ओल्या मातीकडे जातो. तिथेच गणित चुकतं. भांडं वाळताना आटून बसलेलं असतं, भेगेत भरलेली ओली माती मात्र अजून पाच-सात टक्के आटणार. ती आटते, कडा सोडते आणि नखाने उचकटली तरी पोपड्यासारखी निघते. म्हणून भरणा आधीच भाजून आटलेल्या मालाचा हवा.

आधी तडा कुठवर गेलाय ते बघा. ब्रशने पाणी फिरवा. बाकीचा भाग सुकतो, भेगेची रेघ काळपट राहते. मग टिचकी मारा. आवाज बद्द आला तर तडा आरपार आहे. काठावरून खाली उतरलेला आरपार तडा बुजवण्यात वेळ घालवू नये. ग्लेझच्या भट्टीत तो हमखास उघडतो.

बुडातली किंवा पोटावरची उथळ भेग मात्र भरता येते. त्याच मातीचं फुटकं बिस्क कुटा (मास्क लावूनच, ही सिलिकाची धूळ आहे) आणि ८० मेशच्या (इंचात ८० छिद्रांच्या) चाळणीतून काढा. तीन भाग भुकटी, एक भाग त्याच मातीची कोरडी पूड आणि टूथपेस्टइतकं घट्ट होईल एवढंच पाणी. चमचाभर लगद्याला सोडियम सिलिकेटचे (वाळून काचेसारखा कडक होणारा चिकट द्रव) दोन-तीन थेंब पुरतात. जास्त झालं तर वर काचेसारखी साय धरते, तिथे बिस्क पाणी शोषत नाही आणि ग्लेझ नीट चढत नाही. सोडियम सिलिकेट घातलं असेल तर व्हिनेगर नको. आम्लाने त्याच्या गुठळ्या होतात.

केसासारख्या भेगेत लगदा शिरतच नाही. सुईने ती थोडी रुंद करा, धूळ झटका, कडा ओल्या करा. कोरडं बिस्क लगद्यातलं पाणी क्षणात ओढून घेतं आणि भरणा भुसभुशीत राहतो. बोथट पात्याने दाबून भरा, किंचित उंच ठेवा, वरचं ओल्या स्पंजने लगेच पुसा. सिलिकेट वाळलं की घासून घासून जीव जातो.

पूर्ण वाळल्यावर पुन्हा बिस्कच्याच तापमानाला भाजा. भेग परत दिसली तर अजून एकदा भरा. ग्लेझ भेग झाकेल या आशेवर राहू नका. वितळलेलं ग्लेझ भेगेच्या कडांवरून मागे सरतं आणि रेघ आणखी ठळक होते.

तुटलेला कान असा जोडू नये. ग्लेझ भाजून झाल्यावर इपॉक्सीने चिकटवा, आणि ते भांडं शोभेलाच ठेवा. गरम चहा भरून त्या कानाने उचलायचं नाही.