अभिनय शिकायचाय ना, मग आधी विंगेत का?

“आमची मुलगी अभिनय शिकायला आली आहे आणि तुम्ही तिला प्रॉपर्टी मांडायला लावता?” नाटकाच्या वर्गाला मुलं पाठवणारे पालक मला हे हमखास विचारतात. (प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगात रंगमंचावर लागणारं सामान.) मुलंही विचारतात, पण जरा चाचरत, तालीम संपून सगळे पांगल्यावर. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मुलांना कष्टाची सवय लागावी, नम्रपणा यावा, असा माझा हेतू नसतो. अभिनयाच्या काही गोष्टी विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला प्रेक्षकांच्या नजरेआड, उभं राहूनच कळतात, म्हणून मी त्यांना तिथे पाठवते.

प्रॉम्प्टिंगचंच बघा. नटाला घडवणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. संहिता घेऊन विंगेत बसायचं आणि कुणी अडलं की पुढचा शब्द पुरवायचा, वरवर काम एवढंच. पण समोरचा थांबला तो विसरला म्हणून, की त्याने पॉझ घेतलाय म्हणून, हे तिथल्या तिथे ओळखावं लागतं. पॉझमध्ये शब्द टाकलात तर प्रसंग मोडतो, आणि विसरलेल्याला उशिरा दिलात तरी मोडतो. मग मूल वहीतून डोळे काढून नटाकडे बघायला लागतं. पॉझ घेणाऱ्याचा श्वास चालू असतो, नजर समोरच्या पात्रावर असते. विसरलेल्याचा श्वास अडकतो, नजर हरवते, हात उगाच सदऱ्याच्या बटणाशी चाळा करतात. तालमीमागून तालमी हे बघितलेल्या मुलांना पुढे स्वतः उभं राहिल्यावर पॉझ शिकवावा लागत नाही. न बोलतानाही पात्राचं मन कामात असतं, हे त्यांनी इतक्या जवळून पाहिलेलं असतं. शिवाय सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ असतात. ज्याला फक्त स्वतःचीच वाक्यं येतात, तो समोरच्याचं बोलणं कधी संपतंय याची वाट बघत उभा राहतो. प्रेक्षकाला ते लगेच दिसतं.

प्रकाशयोजना लावताना कुणाला तरी रंगमंचावर जागा धरून उभं राहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, आणि मी ते मुद्दाम नव्या मुलांना देते. शिडीवरचा माणूस स्पॉट फिरवत असतो आणि खालून आवाज येतो, “अर्धं पाऊल पुढे ये.” त्या अर्ध्या पावलाने डोळ्यांच्या खोबणीतला काळोख निघून जातो आणि चेहरा उघडतो. दिवा बरोबर अंगावर आला की कपाळाला ऊब लागते. (एलईडी दिव्यांना ती ऊब फारशी नसते, तिथे डोळ्यांवर येणाऱ्या उजेडावरून ओळखायचं.) ही खूण अंगात मुरली की नट जमिनीकडे न बघता आपल्या प्रकाशात येऊन थांबतो.

आवाजासाठी मी एकाला शेवटच्या रांगेत बसवते. त्याने फक्त ऐकू न आलेले शब्द लिहून काढायचे. यादीत बहुतेक शब्द वाक्याच्या शेवटचे निघतात. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटीच. “मी उद्या तुझ्याबरोबर येणार नाही” यातला ‘नाही’ श्वास संपल्यामुळे गिळला गेला, तर मागे बसलेल्यांसाठी ते पात्र उद्या येणार असतं! पुढचा अख्खा अंक त्यांना कोड्यात टाकतो. ओरडून हे सुधारत नाही. शेवटच्या शब्दाला पुरेल एवढा श्वास वाक्य सुरू करण्याआधीच घ्यावा लागतो.

यावर काही जण म्हणतात, हे तंत्र झालं, अभिनय वेगळा. मला ते पटत नाही. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (बाहेरून आणलेल्या गोष्टींचा) आणि सात्त्विक (मनातल्या भावाचा). आहार्यात वेशभूषा आणि रंगभूषा तर आहेच, पण रंगमंचासाठी बनवलेले डोंगर, रथ, ढाली यांनाही तिथेच जागा आहे. म्हणजे ज्या प्रॉपर्टीबद्दल तुम्ही तक्रार करता, तिची गणना भरतमुनींनी अभिनयात केली आहे. आणि लांब कशाला जायचं? 1972 साली पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. त्यात नाचत-गात उभी राहणारी ब्राह्मणांची रांगच पडदा होते, वळून पाठ केली की भिंत होते. त्या नटांना नेपथ्य कुठे संपतं आणि अभिनय कुठे सुरू होतो, हे विचारून बघायला हवं.

प्रॉपर्टी मांडणाऱ्यांना मी चहाच्या कपात खरंच पाणी भरायला लावते. भरलेला कप उचलताना मनगट सावध होतं. रिकामा कप हवेत फिरवणारी मनगटं मात्र मी स्पर्धांमध्ये नेहमी बघते आणि हळहळते.

किती दिवस, असंही विचारतात. एक नाटक. पहिल्या वाचनापासून शेवटच्या प्रयोगानंतर सामान टेम्पोत चढेपर्यंत. त्यानंतर भूमिकांसाठी सगळ्यांची चाचणी होते. मुख्य भूमिका मिळालेल्याकडेही बॅकस्टेजचं एखादं काम असतंच, मग ते इस्त्रीचं का असेना.

काही मुलं मात्र विंगेतच रमतात. परत येऊन सांगतात, मला भूमिका नको, प्रकाशयोजनाच शिकायची आहे. अशा वेळी पालकांचा चेहरा उतरतो. मला मनापासून आनंद होतो, कारण संहिता वाचून दिवे लावणारी माणसं आपल्या रंगभूमीला हवीच आहेत.